शेंग एक, दाणे दोन

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी एक पाहुणा एकवीस दिवस मुक्कामाला होता. वय वर्षे पावणेतीन, सामान म्हणजे एक पिशवी आणि एक कापडी हत्ती, आणि तोंडाची टकळी मात्र अखंड चालू. पाहुणा म्हणजे माझा नातू. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या मुलीला, तिच्या कचेरीने एकवीस दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बंगळूरला धाडले होते. जावईबापूंची पाळी रात्रीची. तेव्हा बाळराजांची रवानगी अहमदाबादेहून बडोद्याला, आजीच्या घरी झाली.

मुलीने निघताना औषधांची यादी दिली, झोपेच्या वेळा सांगितल्या, हत्ती धुवायचा नाही अशी ताकीद दिली. मग पायरीवर थांबून हळूच म्हणाली, "आई, एक सांगू? रागावू नकोस. त्याला पाढे म्हणायला बसवू नकोस."

मी रागावले नाही. रागावण्याचा मला अधिकारच नव्हता. वाचकांपासून काय लपवायचे? मी तीस वर्षे याच शहरातल्या एका बालमंदिरात शिक्षिका होते. दुसऱ्यांची मुले माझ्यापुढे मणी ओवीत, कवड्या मांडीत, गाणी म्हणत मोजायला शिकली. आणि माझी स्वतःची मुलगी? तिला मी दिवेलागणीला समोर बसवून परवचा म्हणवून घेत असे. सतराच्या पाढ्यात ती हटकून अडखळे. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. माझ्याजवळ एक लाकडी पट्टी असे. ती मी क्वचितच वापरली, असे मी माझ्या मनाला आजवर सांगत आले. पण पट्टी वापरावी लागत नाही, ती नुसती दिसली तरी मुलाला पुरते. मुलगी हुशार निघाली, चांगल्या हुद्द्यावर गेली. परंतु आयुष्यात जिथे जिथे आकडे टाळता आले तिथे तिथे तिने ते टाळले. दुकानातली मोड ती अजून मोजून घेत नाही.

तिचे ते वाक्य घेऊनच मी घरात आले, आणि या एकवीस दिवसांत त्या नातवाने मला जे शिकवले ते चार आयाबायांच्या कानावर घालावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्याच संध्याकाळी स्वारी पाटावर उभी राहिली आणि तिने इंग्रजीत एकपासून वीसपर्यंतचे आकडे एका दमात म्हणून दाखवले. शेजारच्या बा कौतुकाने बघायला आल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. हे ज्ञान मोबाइलवरच्या गाण्यांतून आले होते. गाणे गोड होते, उच्चार माझ्याहून चांगले होते. मी त्याच्यासमोर ताटलीत भाजलेल्या शेंगा ठेवल्या आणि म्हटले, "बाळा, आजीला तीन दे बरं." त्याने दोन्ही हातांनी ओंजळभर शेंगा उचलून माझ्या मांडीवर ओतल्या आणि मोठ्या अभिमानाने माझ्याकडे पाहिले.

यात त्याचे काही चुकले नव्हते. वीसपर्यंतचे आकडे म्हणणे म्हणजे मोजणे नव्हे. ते म्हणजे स्तोत्र म्हणणे. अर्थ न समजता आपण कितीतरी स्तोत्रे म्हणतो आणि त्यात लाभही असेल. पण स्तोत्र म्हणता येणे वेगळे आणि त्याचा अर्थ लागणे वेगळे. गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मोजण्याच्या क्रियेची पाच अंगे उलगडून दाखवली आहेत. प्रत्येक वस्तूला एकच शब्द लावायचा, हे पहिले. शब्दांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा, हे दुसरे. शेवटी जो शब्द आला तोच त्या सगळ्या ढिगाचा आकडा, हे तिसरे. शेंगा असोत, माणसे असोत, टाळ्या असोत, काहीही मोजता येते, हे चौथे. आणि डावीकडून मोजा की उजवीकडून, उत्तर तेच येते, हे पाचवे. आपल्याला हे इतके सवयीचे झाले आहे की यात शिकण्यासारखे काही आहे हेच आपण विसरतो. पावणेतीन वर्षांच्या मुलाला यातले दुसरे अंग पाठ असते, कारण ते कानाने येते. बाकीची चार हाताने यावी लागतात.

कॅरन विन या संशोधक बाईंनी 1990 च्या सुमारास लहान मुलांना नेमके मी केले तसेच विचारून पाहिले होते, "एक दे, दोन दे, तीन दे." त्यांना असे आढळले की मूल आधी फक्त 'एक'चा अर्थ शिकते. त्यापुढचे सारे आकडे त्याला 'पुष्कळ' या एकाच अर्थाचे वाटतात. मग काही महिन्यांनी 'दोन' कळतो. मग आणखी काही महिन्यांनी 'तीन'. आणि त्यानंतर, साधारण साडेतीन वर्षांच्या आसपास, एकदम पडदा उघडावा तसे मोजण्याचे सगळे रहस्य त्याला कळते. आमचे बाळराजे 'दोन'च्या पायरीवर होते. एक माग, एक देत. दोन माग, दोन देत. तीन म्हटले की ओंजळ.

मग मी काय करावे? पट्टी तर मी कधीच टाकून दिली होती, आणि पाढ्यांना बंदी होती. तेव्हा मी बालमंदिरातला जुना मार्ग धरला. शेंग फोडता फोडता दोन ओळी जुळवल्या:

एक शेंग फोडली, दाणे निघाले दोन,
एक माझा, एक तुझा, उरला सांगा कोण?

पहिल्या दिवशी तो नुसता ऐकत होता, दाणे खात होता. दुसऱ्या दिवशी 'दोन' हा शब्द माझ्या आधी त्याच्या तोंडून येऊ लागला. तिसऱ्या दिवशी मी 'उरला सांगा कोण?' म्हणून थांबले, तेव्हा त्याने ताटलीकडे बघितले, माझ्याकडे बघितले, आणि रिकामे टरफल उचलून ओरडला, "टरफल!" मग दोघे पोट धरून हसलो. दोनातून एक, आणि एकातून एक गेल्यावर दाणा उरत नाही, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. टरफलानेच ते शिकवले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोबाइलवरचे गाणे वाईट नसते. पण ते थांबत नाही. मुलाचे बोट अजून दुसऱ्या शेंगेवर असते आणि गाणे पाचावर गेलेले असते. आजी थांबते. बोट आणि शब्द यांची गाठ पडेपर्यंत ती 'दोऽऽन' असा सूर लांबवते. मोजगाण्याचे सारे मर्म या लांबवण्यात आहे.

आमच्या घराचा जिना अकरा पायऱ्यांचा. रोज सकाळी तो चढताना आम्ही मोजत असू. इंग्रजीत मोजताना 'सेव्हन' आला की स्वारी दोन पायऱ्या चढे. 'से'ची एक आणि 'व्हन'ची एक. मराठीत मोजू लागलो तेव्हा पाचपर्यंत एकही चूक होईना. मी विचार केला, तेव्हा कारण ध्यानात आले. एक, दोन, तीन, चार, पाच. हे पाचही शब्द एकेका ठोक्याचे आहेत. एक पाऊल, एक ठोका. पुढे 'सहा'पाशी मात्र आमचे पाऊल 'स' आणि 'हा' असे दोनदा पडे. त्यावर मी काही बोलत नसे. फक्त माझे पाऊल एकदाच टाकत असे. आठवड्याभरात त्याचेही एकदाच पडू लागले. मुलाची चूक सुधारण्याची सगळ्यांत चांगली रीत म्हणजे ती न दाखवता आपण बरोबर करीत राहणे. ही गोष्ट मला वयाच्या पंचविशीत कळली असती तर आमच्या घरातल्या पुष्कळ संध्याकाळी वेगळ्या गेल्या असत्या.

बडोद्याच्या मराठी घरात मूल वाढले म्हणजे त्याच्या कानावर दोन भाषा तरी पडतातच. शेंगेला बाहेर 'शिंग' म्हणतात, घरात 'शेंग'. आमच्या स्वारीला दोन म्हणजे 'बे' असे शेजारच्या बांनी शिकवले. मी आधी मनात थोडी खट्टू झाले. मग माझे मलाच हसू आले. आपण मराठी माणसे एरवी 'दोन' म्हणतो खरे, पण पाढा म्हणायला बसलो की 'बे'च म्हणतो. बे एके बे, बे दुणे चार. ज्या शब्दाला मी परका समजत होते तो माझ्याच परवच्यात बसलेला होता. आकड्यांचे असेच असते. ते कधी एका भाषेच्या कुंपणात राहत नाहीत. माझे वडील विटीदांडू खेळताना 'वकट, लेंड, मुंड, नाल' असे मोजत. आम्हांला ते बोबडे बोल वाटत. पुढे आमच्या हैदराबादच्या मामांनी उलगडून सांगितले, की तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, तीन म्हणजे मूडु आणि चार म्हणजे नालुगु. कोण्या जुन्या काळी खेळणाऱ्या पोरांनी ते आकडे उचलले आणि पिढ्यान् पिढ्या अर्थ न विचारता सांभाळले. खेळाची स्मरणशक्ती शाळेपेक्षा मोठी असते, याला याहून चांगला दाखला कोणता?

आपल्या जुन्या घरांत मोजण्याचे खेळ किती होते, आठवून पाहा. गडी निवडताना वर्तुळ करून प्रत्येकाच्या छातीला बोट लावीत जाणे. एका शब्दाला एक गडी, कोणी सुटायचा नाही, कोणी दोनदा यायचा नाही. सागरगोटे खेळताना आधी एकेक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चार म्हणजे दोन आणि दोन, चार म्हणजे तीन आणि एक, हे ज्या मुलींच्या हाताने रोज शंभरदा केले त्यांना बेरीज वेगळी शिकवावी लागली नसेल. माझी आजी बोटांच्या पेरांवर मोजत असे. अंगठ्याने चार बोटांची तीन-तीन पेरे, म्हणजे एका हातावर बारा. आणि धान्य मापताना पहिल्या मापाला ती 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे. मी लहानपणी खरेच समजत असे, की मोजणी लाभापासून सुरू होते.

ही पुंजी शाळेत आणण्याचे श्रेय ज्यांना द्यायचे त्यांची नावे या भागात तरी विसरता येणार नाहीत. मूल गाण्यातून आणि बोटांच्या खेळातून शिकते हे जर्मनीच्या फ्रोबेलने ओळखले होते; मातांनी मुलांसह म्हणावयाच्या गाण्यांचे आणि खेळांचे त्याचे पुस्तक 1844 साली निघाले. रोममध्ये मारिया मॉन्टेसोरी यांनी 1907 साली आपले पहिले बालगृह उघडले, आणि मोजणी मुलाच्या हातात वस्तू देऊन शिकवली. त्यांच्या साहित्यात काड्या ठेवण्याची खणांची एक पेटी असते. तिचा पहिला खण शून्याचा, आणि तो रिकामाच ठेवायचा असतो. आपल्याकडे भावनगरला वकिली सोडून मुलांत रमलेल्या गिजुभाई बधेका यांनी 1920 साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. 1923 साली ताराबाई मोडक तेथे त्यांना जाऊन मिळाल्या. एक गुजराती गृहस्थ आणि एक मराठी बाई; या जोडीने 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई बोर्डीला गेल्या, 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या, आणि अनुताई वाघांसह त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली. पैसे नव्हते, परदेशी साहित्य नव्हते. तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांनाच शिकवण्याचे साहित्य केले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यावी, हा विचार त्यांचा. 1975 साली सरकारने देशभर जी योजना सुरू केली तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव आहे. 1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, 1973 साली त्या गेल्या.

आमच्या बडोद्यापुरते बोलायचे तर सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेलीत आणि 1906 साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने सांगत आलो. पण सक्तीची शाळा लागण्यापूर्वीची जी वर्षे, ती आईच्या आणि आजीच्या ताब्यातली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पाया म्हटले आहे. खेळ, गाणी, खेळणी हे त्या वयाचे अभ्यासाचे मार्ग म्हणून मान्य केले आहेत. धोरण चांगले आहे. परंतु पावणेतीन वर्षांच्या मुलाला धोरण मांडीवर घेत नाही, ते आपण घ्यायचे असते.

येथे कोणी म्हणेल, बाई, मराठी आकडेच मुळात अवघड! त्यात तथ्य आहे. सत्तावीस म्हणताना सात आधी बोलायचा आणि लिहिताना दोन आधी काढायचा. शंभरापर्यंतची जवळजवळ सगळीच नावे स्वतंत्र पाठ करावी लागतात. 2019 साली पाठ्यपुस्तक मंडळाने दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले, की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे अडखळणाऱ्या मुलांसाठी ही सोय आहे. मला वाटते, दोन्ही बाजूंनी भांडण शाळेचे होते. पाळण्याजवळच्या वयाशी त्याचा संबंध नव्हता. अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या लहान मुलांची तुलना करणारा एक अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला होता. त्यात असे दिसले, की दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुले सारखीच; फरक पडतो तो दहाच्या पुढे, जेथे चिनी भाषेत 'दहा एक, दहा दोन' असे सरळ चालते. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाला दहाच्या पुढे रेटण्याची घाई कोणी करू नये. पाच बोटांचा संसार आधी नीट लागू द्यावा. आणि आपल्या भाषेची एक मौजही सांगते. 'एकोणीस' म्हणजे एक उणे वीस. ज्या मुलाने 'एक गेला, किती उरले?' हे गाण्यात खेळून पाहिले आहे, त्याला पुढे हा शब्द कोडे वाटत नाही, ओळखीचा वाटतो.

एक गेल्यावर किती उरले, यावरून मी दुसरे गाणे केले. पहिल्या खेपेस मी ते पणत्यांचे करायला बसले होते. वाऱ्याने एकेक पणती विझते असे. पण दिवा 'विझला' असे मुलाच्या तोंडी घालायला जीभ वळेना. म्हणून चिमण्या घेतल्या:

पाच चिमण्या दारात, दाणे टिपती फार,
एक उडाली भुर्रकन, चिमण्या उरल्या चार.

चार चिमण्या दारात, घरट्याची घालती वीण,
एक उडाली भुर्रकन, चिमण्या उरल्या तीन.

तीन चिमण्या दारात, बोलावते हो कोण?
एक उडाली भुर्रकन, चिमण्या उरल्या दोन.

दोन चिमण्या दारात, माय आणि लेक,
माय उडाली भुर्रकन, चिमणी उरली एक.

एक चिमणी दारात, पंख उघडून पाही,
तीही उडाली भुर्रकन, दारात कोणी नाही!

हाताची पाच बोटे या चिमण्या. एकेक मिटत जायची. पहिले दोन दिवस त्याला भलतीच मौज वाटली. तिसऱ्या दिवशी 'माय उडाली'पाशी त्याने माझे बोट घट्ट धरून ठेवले. मिटू देईना. मी गाणे तेथेच सोडले. यमक जुळवण्याच्या नादात मी काय लिहून बसले होते, ते त्या बोटाच्या पकडीने मला कळले.

कारण घरात खरा प्रश्न एकच होता, आणि तो रोज रात्री विचारला जाई: "आई कधी येणार?" 'एकवीस दिवसांनी' हे उत्तर त्याला 'पुष्कळ' एवढेच ऐकू येई. म्हणून मी पहिल्याच रात्री तबकात एकवीस चिंचोके मांडले होते. रोज निजताना त्यातला एक उचलून बरणीत टाकायचा. तबक रिकामे झाले की आई येणार. चौथ्या दिवशी दुपारी मी जरा पडले होते. उठून बघते तो तबक रिकामे, बरणी भरलेली, आणि बाळराजे बूट घालून, हत्ती मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसलेले. मला म्हणाले, "आजी, संपले. आता आई आली."

माझ्या तीस वर्षांच्या शिक्षिकेच्या अनुभवात या प्रसंगाला उत्तर नव्हते. मुलाचा तर्क अगदी सरळ होता. चिंचोके संपले की आई येते; मग चिंचोके संपवले. मोजणी दिवसांच्या मागून चालते, दिवस मोजणीच्या मागून चालत नाहीत, हे त्याला कोणत्या शब्दांत सांगावे? मी काही सांगितले नाही. त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसले. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघे रस्ता बघत होतो. तो रडला, मग थकला. तेव्हा मी बरणी आणली, आणि आम्ही दोघांनी चिंचोके परत तबकात मांडले. तीन बरणीत ठेवले. "ही बघ तुझी एक झोप झाली, ही दुसरी, ही तिसरी. एक झोप, एक चिंचोका. झोपल्याशिवाय टाकायचा नाही." त्याने तिन्हींना बोट लावले. एक, दोन, तीन. मग मी विचारले, "किती झोपा झाल्या?" लहान मुले अशा वेळी उत्तर देत नाहीत, पुन्हा मोजायला लागतात; शेवटचा शब्द हाच आकडा, हे त्यांना अजून कळलेले नसते. तोही पुन्हा मोजू लागला. पण तिसऱ्यावर थांबला, माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, "तीन." तेवढे बोलून तो माझ्या मांडीवर झोपी गेला, आणि मी त्याच्या मुठीतून चौथा चिंचोका काढून बरणीत टाकला.

त्या दिवसापासून 'चिमण्यां'ना मी एक शेवटचे कडवे जोडले. मिटलेली बोटे एकेक उघडत जायची, एक आली, दोन आल्या, पाचही आल्या; शेवटी अंगठा म्हणजे माय. उलटे मोजण्याचे गाणे आपण मुलांना जरूर म्हणावे. वजाबाकीचे बीज त्यातच असते. परंतु गेलेले परत आणल्याशिवाय गाणे संपवू नये, एवढे मी या वयात शिकले.

आयांना माझे सांगणे थोडेच आहे. महागडी खेळणी नकोत. शेंगा, चिंचोके, वाट्या, पायऱ्या, पोळ्या पुरेत. पाने मांडताना मुलाला म्हणावे, माणसे चार, वाट्या किती आणशील? आधी तीनपर्यंत, मग पाचपर्यंत. मोजून झाले की "किती?" असे एकदा विचारावे, दहादा विचारू नये. कधी डावीकडून मोजावे, कधी उजवीकडून. उत्तर तेच आले की मुलाला जे नवल वाटते ते आपण त्याच्याबरोबर खरोखर वाटून घ्यावे. चार पाहुण्यांसमोर त्याला पाटावर उभे करू नये. आणि मूल कंटाळले की शेंगा खाऊन टाकाव्यात.

एकवीस झोपा झाल्या. शेवटच्या तीन चिंचोक्यांना तो स्वतःच 'तीन झोपा' म्हणत होता. तीन बोटे दाखवताना करंगळी काही केल्या खाली राहत नसे, ती दुसऱ्या हाताने दाबून धरत असे. एकविसाव्या दिवशी मुलगी आली. तिने पायांतल्या चपला काढायच्या आत त्याने तिला ताटलीपाशी ओढून नेले, एक शेंग दाताने फोडली आणि आमचे गाणे म्हणायला सुरुवात केली. एक दाणा स्वतःच्या तोंडात, एक आईच्या. 'उरला सांगा कोण?' म्हणून टरफल दाखवायला गेला तो त्यात आणखी एक दाणा! शेंग तीन दाण्यांची निघाली होती. गाण्यात हे बसत नव्हते. तो क्षणभर थांबला. मग तो दाणा त्याने माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "तीन. हा आजीचा."

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मला असं का नाही गं शिकवलंस?" मी म्हटले, "चुकलं माझं." एवढेच म्हटले. याहून जास्त म्हणण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा बरणीतले चिंचोके तिने मागून घेतले. पुढच्या महिन्यात तिला पुन्हा आठ दिवस जायचे होते. ओट्यावर बसून तिने आठ चिंचोके मोजून रुमालाच्या टोकाला बांधले. मोजताना ती मोठ्याने मोजत होती, आणि मुलगा तिच्या बोटाबरोबर बोट चालवीत होता.